कच्चे मडके आणि पक्के सर्टिफिकेट

शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याला पैसे द्यायचे, की शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याला? प्रश्न दिसायला सोपा आहे. मीही कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून, तेव्हा नावे-जमा करून दोन मिनिटांत निकाल लावू म्हणालो. त्याला आता दोन महिने झाले.

आमची कन्या बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणापासून कॉलेजे इंटर्नशिप मागू लागली आहेत. जुन्या भाषेत उमेदवारी. तिच्या मैत्रिणी सी.ए.च्या हापिसात गेल्या; ही आमच्या बोळिंजमधल्याच एका मातीकामाच्या स्टुडिओत गेली. हिशेब लिहायला म्हणून गेली आणि कोपरापर्यंत चिखल माखून परत आली.

"यासाठी कॉलेजची फी भरली होय?" सौ. म्हणाली. "आमच्या आजीने सारवण फुकट शिकवलं असतं!"

स्टुडिओ म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे, चार चाके आणि विजेची एक भट्टी. रविवारी आसपासची मंडळी पैसे भरून चाकावर बसतात. एक निवृत्त गृहस्थ फुलदाणी करायला बसतात आणि उठताना हातात ॲश-ट्रे असतो. तरी बाई म्हणतात, "वा! याला कॅरॅक्टर आहे!" आमच्याकडे कर्ज देताना कॅरॅक्टर बघतात ते सरळ माणसाचे. वाकड्या भांड्यालाही ते असते, ही माहिती मला नवीन होती.

कन्येचे तसे नाही. पंधरा दिवस तिने नुसती माती मळली, कणकेसारखी, आतली हवा निघेपर्यंत. मग चाक मिळाले. पहिला बरा वाडगा उतरला, तो बाईंनी तारेने मधोमध चिरला. "बघ, बूड जाड, कड पातळ," म्हणाल्या आणि दोन्ही अर्धे बादलीत. असे अकरा वाडगे झाले. अकराव्या दिवशी पोरगी जेवली नाही.

"पगार नाही तो नाहीच, वर केलेलं मोडायचं!" सौ. कडाडली.

पगाराच्या मुद्द्यावर मी सौ.च्या बाजूने आहे आणि तसे लेखी द्यायला तयार आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातसुद्धा विद्यावेतन आहे. दोन गाळ्यांच्या स्टुडिओला त्याची सक्ती नसेल, पण रविवारच्या मंडळींची माती जर ही मळते, तर निदान रिक्षाभाडे तरी सुटावे की नाही? मला बँकेने सहा महिने प्रोबेशनवर ठेवले होते, ते पगारासकट. आणि गुरूने फुकटात काय काय घ्यावे याला आपल्याकडे धरबंध नाही. एकलव्याने तर गुरूही मातीचा स्वतःच घडवला होता. शिकवणी शून्य, तरी दक्षिणेत अंगठा गेला. चाकावर बसणाऱ्याचा अंगठा गेला तर उरले काय?

पण जमेची बाजू लिहायला घेतली की मी अडखळतो. रविवारच्या मंडळींनी पैसे दिले, कौतुक घेतले, खाते मिटले. त्यांना खरे कोणी सांगत नाही. खरे सांगितले तर पुढच्या रविवारी येणार कोण? अख्ख्या स्टुडिओत खरे ऐकायला मिळते ते एकट्या बिनपगारी पोरीला.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी जमलेल्या संतांची डोकी थापटण्याने ठोकून पाहिली. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले, आणि निकाल लागला की हे मडके कच्चे. भर सभेत नापास! पण म्हणून तर नामदेव विसोबा खेचरांकडे गेले. काका "वा, कॅरॅक्टर आहे" म्हणाले असते तर?

कच्च्या मडक्याची सोय अशी की ते पाण्यात टाकले की पुन्हा माती होते. भट्टीत 600 अंशांच्या वर गेले की संपले. मग चूक असली तरी कायम. इथून जवळच, सोपाऱ्याच्या स्तूपात, 1882 साली भगवानलाल इंद्रजींना मातीच्या भांड्याचे तुकडे सापडले. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून शतकानुशतके जपलेले. भाजलेली माती फुटली तरी माती होत नाही. म्हणजे जे काय सांगायचे ते आधी सांगावे लागते.

आता खरी पंचाईत. कॉलेजच्या फॉर्मात तीन चौकोन आहेत: उत्कृष्ट, उत्तम, समाधानकारक. बाईंनी 'समाधानकारक'वर खूण केली. मैत्रिणी सगळ्या उत्कृष्ट; त्यांतल्या एकीने दीड महिना झेरॉक्स काढल्या. उद्या नोकरीच्या ठिकाणी दोन्ही कागद शेजारी ठेवले, तर बादलीतले अकरा वाडगे कोण मोजणार?

"अहो, जाऊन बोला जरा बाईंशी," सौ. म्हणते. "एका खुणेचा तर प्रश्न."

कन्या म्हणते, "बाबा, तुम्ही तिथे गेलात तर मी बारावा घरी आणणार नाही."

बारावा बाईंनी चिरला नाही. तो सध्या भट्टीत आहे, गुरुवारी निघेल. बुधवारी रात्री त्यासाठी दूध जरा जास्त तापवायचे, असे सौ.ने ठरवले आहे. दही त्यातच लावायचे म्हणते. फॉर्म अजून माझ्या बॅगेत आहे, खाली पालकांच्या सहीची जागा रिकामी.