छावणीतली लिपी

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे आदेश महाराष्ट्र सरकारला जून 2025च्या अखेरीस मागे घ्यावे लागले. त्या वादात एक युक्तिवाद सारखा कानावर येत होता. ‘सिंध्यांकडे बघा. अंगावरच्या कपड्यांनिशी आले, भाषेचा बाऊ केला नाही, म्हणून वर आले. मराठी माणसाने हे शिकावे.’ सिंध्यांच्या मुलुंड कॉलनीच्या शेजाराने वाढलेल्या मला हे साफ नामंजूर आहे.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना कल्याणजवळच्या लष्करी बराकी मिळाल्या. त्यांचे 1949 मध्ये उल्हासनगर झाले. चेंबूर-मुलुंडलाही छावण्या पडल्या. छप्पर मिळाले, पुढचे त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केले. पण भाषा टाकायला निघालेला समाज ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत यावी म्हणून वर्षानुवर्षे झगडत नाही. 10 एप्रिल 1967 रोजी ती तिथे आली, तीही पाठीशी स्वतःचे एकही राज्य नसताना. सिंधीचे प्राध्यापक राम पंजवानी मटक्यावर ठेका धरून आपल्या विखुरलेल्या माणसांपुढे गात राहिले, आराध्यदैवत झूलेलालाभोवती त्यांना गोळा करत राहिले, सांताक्रूझला त्यांनी सीता सिंधू भवन उभारले. याला बाऊ न करणे म्हणतात?

मग घरातली सिंधी आटली कशाने? धंद्याची भाषा वेगळी, शाळेची वेगळी, आणि त्यात लिपीचा तंटा: अरबी की नागरी? भारत सरकारने आधी नागरी ठरवली, मग 1951 मध्ये दोन्हींना मुभा दिली. आधीच थोडी असलेली मुले, शिक्षक आणि पुस्तके दोन वाटांना लागली. नागरीची बाजू मला जवळची आहे. आजूबाजूच्या पाट्या नागरीत, मुले नागरी वाचतात. अवघड ते कशाला?

इथे मला नारायण जगन्नाथ वैद्य आठवतात. सिंध प्रांत 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच होता आणि हे मराठी गृहस्थ तिथले उपशिक्षणाधिकारी. ब्रिटिश सरकारने 1853 मध्ये सिंधीसाठी 52 अक्षरांची अरबी लिपी कायम केली होती; हिंदू व्यापारी मात्र वह्या खुदाबादी या जुन्या लिपीत लिहीत. तिच्यात स्वरचिन्हेच नव्हती, लिहिणाऱ्यालाही संदर्भाने वाचावे लागे. 1868 मध्ये वैद्यांकडे ती लिपी नीट बसवण्याचे काम आले. त्यांनी ते मन लावून केले. कराचीतली एक जुनी शाळा आजही त्यांचे नाव लावते. तरीही ती लिपी टिकली नाही. कचेरीचे व्यवहार अरबी लिपीत, सिंधीचे थोर कवी शाह अब्दुल लतीफ यांचा ‘रिसालो’ अरबी लिपीत, पुढचे बहुतेक छापील वाङ्मयही तिच्यातच. सुधारलेली, सोपी लिपी हाती होती, पण तिच्यात वाचायला काय होते?

वैद्यांचा हा अनुभव नागरीलाही लागू पडतो. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, मुलुंडच्या रस्त्यावर बहराणो, पूजेच्या ताटाची मिरवणूक, निघतो तेव्हा ताटातली कणकेची ज्योत, खडीसाखर, वेलची कशासाठी हे तिथली नातवंडे चटकन सांगतात. आजोबांनी जपलेली जुनी पत्रे मात्र उलटी धरली तरी त्यांना कळत नाही. सण टिकला, पदार्थ टिकले, वाचन गेले. केवळ नागरी शिकवून ती पत्रे उघडणार नाहीत, आणि केवळ अरबीचा हट्ट धरला तर वर्गात मूलच येणार नाही. म्हणून नागरीने सुरुवात आणि दोन-तीन वर्षांनी अरबी, अशा दोन्ही लिप्या लागतील. नुसत्या नागरीवर मी आता थांबत नाही.

निर्वासिताला आधार देणे म्हणजे जमीन, कर्ज, रेशनकार्ड एवढेच आपण धरले. शाळा त्यात धरली नाही. इंग्रजीच्या ज्या ओढीने सिंधी वर्ग रिकामे केले, तीच आज मराठी शाळा रिकाम्या करते आहे. म्हणून मराठीसाठी रस्त्यावर उतरणाऱ्याने सिंधीला सोबती मानायला हवे, आपल्याविरुद्धचा दाखला नव्हे. मुलुंड, चेंबूर, उल्हासनगरच्या पालिका शाळांत सिंधी ऐच्छिक विषय करा, शिक्षक पगारावर नेमा, घरोघरची जुनी पुस्तके स्कॅन करून दोन्ही लिप्यांत छापा. हा खर्च महाराष्ट्राने उचलावा. वैद्यांचा पगारही मुंबई इलाख्याच्याच तिजोरीतून जात होता.