नाळेतील रक्त : कोणाचे आणि कोणासाठी?



एटापल्लीत जुम्म्याच्या नमाजनंतर एका तरुणाने विचारले, "मौलाना, पुढच्या महिन्यात घरी बाळ येणार आहे. नाळेतील रक्त दान करता येते म्हणे. पण वाहते रक्त तर नापाक. मग हे जायज कसे?"

वाहते रक्त सेवन करणे हराम आहे, यात शंका नाही. उपचाराची निकड हा मात्र शरीअतमध्ये वेगळा विषय आहे. 1988 साली पॅरिसमध्ये एका आजारी मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त देण्यात आले आणि तो बरा झाला. 2003 साली मक्केतील राबिता-ए-आलमे-इस्लामीच्या फिकह परिषदेने आई-वडिलांच्या संमतीने अशा रक्तातील मूळ पेशी घेणे जायज ठरविले. एका जिवाच्या रक्षणाला सूरह माइदाने (आयत 32) किती थोर दर्जा दिला आहे, हे आपण जाणताच.

परंतु संमती आपली असली तरी रक्त बाळाचे आहे. आपल्याकडे ती अमानत आहे. जन्मानंतर किमान एक मिनिट नाळ कापू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या अवधीत हे रक्त बाळाच्या अंगात उतरते आणि पुढील कित्येक महिने त्याला लोह पुरते. आपल्या भागात तर अनेक माताच रक्तक्षयाने फिकट असतात. बाळाचा हा हक्क हिरावून केलेल्या दानाला दान म्हणायला माझी जीभ वळत नाही. आधी बाळाचे, मग उरले तर इतरांचे.

खाजगी बँकांच्या जाहिरातींना मात्र भुलू नका. सिकलसेल घेऊन जन्मलेल्या बाळाच्या नाळेतही तोच दोष असतो. ते रक्त त्याच्या काय कामाचे? घरात आधीच असे आजारी मूल असेल तर गोष्ट निराळी. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. तेव्हा प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.

त्या तरुणाला मी खरे तेच सांगितले. हे रक्त जन्मताच विशेष पिशवीत घेऊन साधारण दोन दिवसांत बँकेत पोहोचवावे लागते. आपल्या जंगलवाटांवरून ते बहुधा जमणार नाही. तो हिरमुसला. मी म्हणालो, "तुमच्या दंडातले रक्त तर इथेच आहे. सिकलसेलच्या कितीतरी लेकरांना तेच लागते. फक्त त्याची किंमत घेऊ नका, प्रेषितांनी (स.) ती मना केली आहे."

"आणि नाळ?"

"ती अदबीने दफन करा."