मंद आचेचा हिशेब

टेक्सासने १९७७ साली ‘चिली’ला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं. गोमांसाचे तुकडे, सुक्या मिरच्यांचं वाटण, जिरं, लसूण, मुळात एवढंच. (राजमा घालावा की नाही, हे भांडण तिथे अजून मिटलेलं नाही, आपण त्यात न पडलेलं बरं.) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन अँटोनियोच्या चौकांत मेक्सिकन वंशाच्या बायका रात्री कंदिलाच्या उजेडात ती विकत, तेव्हा ते सामान्यांना परवडणारं जेवण होतं. स्वस्त मांस म्हणजे खांद्याचं, नडगीचं, चिवट. जनावराचा जो भाग जास्त राबतो, तिथे कोलॅजेन जास्त. ते साधारण ७० अंश सेल्सियसच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन बनतं आणि रश्श्याला अंग येतं. घाईने खळखळ उकळलं, तर तंतू आवळून आधीच कोरडे पडतात. तेव्हा तीन तासांची मंद आच ही हौस नव्हे, काटकसर आहे.

कुकरमध्ये हेच पाऊण तासात होतं, असं कुणी म्हणेल. होतं, आणि मऊपणापुरता हा आक्षेप खराच आहे. पण बंद झाकणाखाली पाणी फारसं आटत नाही. रस्सा शेवटी उघड्यावर आटवावाच लागतो. वेळ नाही, ही तक्रारही फार टिकत नाही, कारण त्या तीन तासांत अधूनमधून ढवळण्यापलीकडे काम नसतं. करणारच असाल, तर आदल्या रात्री करून ठेवा. सकाळी वर थिजलेली चरबी चमच्याने सहज निघते.