आसऱ्याला आलेल्याला परत पाठवू नये

आजचं चिंतन : तैत्तिरीय उपनिषद, भृगुवल्ली, अनुवाक १०

मंडळी, भृगुवल्ली म्हटलं की आपल्याला अन्नाचा महिमा आठवतो. पण दहाव्या अनुवाकाच्या सुरुवातीलाच आसऱ्याला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये, हे व्रत सांगितलंय. आपल्या सोसायटीच्या गेटवर तर पिझ्झावाल्यालाही ओटीपी लागतो. एकट्याने हे व्रत पाळायचं कसं?

न्यू जर्सीत ऑनसाइट होतो, तेव्हा याचं एक उत्तर पाहिलं. १९८६ मध्ये तिथे कॅरन ओल्सन यांनी वेगवेगळ्या पंथांच्या प्रार्थनास्थळांना बेघर कुटुंबांसाठी एकत्र आणलं. तेच काम आज 'फॅमिली प्रॉमिस' नावाने अमेरिकाभर चालतं. पद्धत साधी. एका चर्चने तीन-चार कुटुंबांना आठवडाभर ठेवायचं, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याने, मग एखाद्या सिनेगॉगने. दिवसा मुलं शाळेत, आईबाप कामावर किंवा कामाच्या शोधात. रात्री संडे स्कूलच्या वर्गात खाटा. तेरा ठिकाणं मिळाली की प्रत्येकाची पाळी वर्षातून चारदाच. आपल्या भाषेत राउंड रॉबिन! आणि कुटुंब एकत्र राहतं. कित्येक शेल्टरमध्ये बापाला, मोठ्या मुलाला वेगळं जावं लागतं.

एका शनिवारी टीममधल्या मित्राबरोबर मी तिथे मसालेभात घेऊन गेलो, अगदी बिनतिखटाचा. सात-आठ वर्षांच्या एका मुलाने दोनदा वाढून घेतला आणि विचारलं, "उद्या पण आणशील?" उद्या त्याचं सामान व्हॅनमधून पुढच्या चर्चला जाणार होतं. मी "बघू" म्हणालो.

ते "बघू" अजून टोचतं. त्याला कोणी परत पाठवलं नव्हतं, पण दर रविवारी त्याची बॅग भरली जात होती. मग व्रत पुरं झालं ते कोणाच्या बाजूने? कोविडनंतर बऱ्याच शाखांनी हे फिरणं थांबवून एकाच जागी राहायची सोय केली. ते बरंच झालं. तरी आठवड्याच्या पाळीला मी नावं ठेवणार नाही. कायमची जागा मिळेपर्यंत थांबू, असं सगळ्यांनी ठरवलं असतं तर तो मुलगा त्या रात्री गाडीत झोपला असता.

आणि नावं ठेवणारा मी कोण? रात्री कुटुंबांच्या सोबतीला दोन स्वयंसेवक तिथेच झोपायचे. त्या शनिवारी एक जण कमी होता. मित्राने मला विचारलं. मी म्हटलं, रिलीज आहे रे.

रिलीज होतं. मंगळवारी.