पाइपवरची ज्योत



आजचं चिंतन गीतेच्या पंधराव्या अध्यायातल्या बाराव्या श्लोकावर. सूर्यात, चंद्रात आणि अग्नीत जे तेज आहे ते माझंच समज, असं भगवंत अर्जुनाला सांगतात.

हा श्लोक आला की मला हिमाचलमधलं ज्वालाजीचं मंदिर आठवतं. कांगडा जिल्ह्यातल्या या शक्तिपीठात देवीची मूर्ती नाही. खडकाच्या फटींतून निघणाऱ्या निळसर ज्योती, हीच देवी. सतीची जीभ इथे पडली अशी श्रद्धा आहे. ज्योतींना महाकाली, अन्नपूर्णा, हिंगलाज अशी नावं आहेत. ना वात, ना तेल.

मग एखादा मित्र म्हणतो, "अरे, तो तर नैसर्गिक वायू आहे!" खरंच आहे. जमिनीखालचा वायू फटींतून वर येतो आणि जळत राहतो. १९५० च्या दशकात ओएनजीसीनं तेल-वायूच्या शोधात या भागात विहिरीही खोदल्या होत्या. हे ऐकून आपल्यातल्या अनेकांना आत कुठेतरी टोचतं. आता हात जोडायचे की नाही?

श्लोक पुन्हा वाचा. ज्या अग्नीचं कारण सापडत नाही तेवढाच माझा, असं भगवंत कुठे म्हणतात? सूर्य कशानं जळतो हे शाळेत शिकलो, म्हणून सकाळचं अर्घ्य खोटं ठरलं का? कारण कळलं की देव संपला असं ज्याला वाटतं, त्यानं देवाला आपल्या अज्ञानातच खोली दिलेली असते.

मला खरी अस्वस्थ करते ती दुसरीच ज्योत. अझरबैजानमध्ये, बाकूजवळच्या सुराखानीत 'आतेशगाह' नावाचं अग्निमंदिर आहे. सतराव्या-अठराव्या शतकात व्यापारासाठी तिकडे गेलेले भारतीय या ज्योतीपुढे बसायचे. देवनागरी आणि गुरुमुखी शिलालेख तिथे आजही आहेत. पुढे आसपासच्या भूगर्भातून तेल-वायूचा प्रचंड उपसा झाला आणि १९६९ मध्ये ती ज्योत विझली. आज तिथे ज्योत दिसते, पण पाइपनं आणलेल्या गॅसवर.

त्या ज्योतीवर कुणी पाणी ओतलं नव्हतं. खालचा आधारच गेला.

आपलंही असंच होतं ना? स्टेटसला सुविचार, रीलवर अभंग, एकादशीला फराळाचा फोटो. वर सगळं छान तेवतंय. आत मात्र पाच मिनिटं नाम नाही. हे बोट माझ्याकडेच आहे. रोज चिंतन लिहिणाराही जपाला दांडी मारतो, आणि ज्योत बाहेरून आणलेल्या शब्दांवर चालू ठेवतो. वाचणाऱ्याला फरक कळत नाही. मला कळतो.

पण एक मोठा दिलासा आहे. जमिनीतला वायू उपसला की संपतो. आपल्या आतलं तेज, हाच श्लोक सांगतो, भगवंताचं आहे. ते आटत नाही. फार तर फट बुजते, आणि बुजलेली फट मोकळी करता येते.

आजचा संकल्प: रात्री झोपण्याआधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि दहा मिनिटं नाम घ्यायचं. फोटो नाही, कुणाला सांगणं नाही.

उद्या भेटूच. राम कृष्ण हरी!