सावधगिरी म्हणजे अविश्वास काय?

आपल्या मंडळ्यांतील ज्या बंधूंचा उदरनिर्वाह पाण्यावर चालतो, त्यांच्यामध्ये एक प्रश्न वेळोवेळी निघतो. ज्याने आपला जीव प्रभूच्या हाती सोपविला, त्याने पुराला किंवा वाऱ्याला भिऊन घरी बसावे काय? घटका भरली असेल तर मनुष्य अंथरुणातही मरेल, आणि भरली नसेल तर भोवऱ्यातूनही सुटेल, असे कित्येक म्हणतात. हे बोलणे धीराचे वाटते, व पुष्कळदा ते भक्तीचे म्हणून वाखाणलेही जाते. ते खरोखर भक्तीचे आहे किंवा नाही, याचा विचार केला पाहिजे. कारण त्यावर भरवसा ठेवून पाण्यात उतरलेला मनुष्य परत आला नाही, तर त्याच्या मागे विधवा व लेकरे राहतात.

मुंबई म्हटली की आपणांस लालबाग, परळ येथील चाळी आठवतात, कारण गावोगावची माणसे गिरणीच्या कामास तेथे गेली. परंतु गिरण्या उभ्या राहण्यापूर्वी त्या बेटांवर कोळी लोकांची वस्ती होती, व गिरण्या बंद पडल्यानंतरही वरळी, माहीम, कुलाबा येथे ती आहे. त्यांची पिढ्यानपिढ्यांची रीत अशी की, पावसाळ्याच्या तोंडी होड्या किनाऱ्यावर ओढून घ्याव्या, जाळी दुरुस्त करावी, आणि श्रावणातील नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करून मग पुन्हा बाहेर निघावे. आता सरकारी कायद्यानेही यांत्रिक नौकांस जून व जुलै महिन्यांत समुद्रात मासेमारीची मनाई आहे. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो व पुष्कळ जातींची मासळी अंडी घालते. म्हणून या बंदीने मनुष्य व मासळी या दोहोंचेही रक्षण होते.

ख्रिस्ती मनुष्य समुद्राला नारळ वाहत नाही. ज्याने समुद्र निर्मिला त्याचीच तो उपासना करितो, आणि हे योग्यच आहे. परंतु येथे एक सूक्ष्म पाश आहे. जुन्या चालीत दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या: एक देवतेचे भय, आणि दुसरी, पूर्वजांनी जिवाचे मोल देऊन मिळविलेली पाण्याची माहिती. आपल्या नद्यांचेही तसेच आहे. जुने भोई अमुक डोहात उतरू नये म्हणून सांगत, आणि तेथे आसरा राहतात असे त्याचे कारण देत. आसरा नाहीत, हे आपण जाणतो. पण डोह आहे, भोवरा आहे, तळाशी अडकलेली झाडे आहेत. नव्या विश्वासाच्या उत्साहात जो तरुण त्या डोहात उडी घालितो, तो फोलपटाबरोबर दाणेही वाऱ्यावर उडवितो. खोट्या भयापासून सुटका झाली, म्हणजे खऱ्या धोक्यापासून सुटका झाली असे नव्हे.

आता शास्त्र काय शिकविते ते पाहू. सैतानाने आपल्या प्रभूस मंदिराच्या शिखरावर उभे करून, देवदूत तुला झेलतील, तेव्हा खाली उडी टाक, असे सुचविले. प्रभूचा पित्यावर विश्वास नव्हता काय? तरीही त्याने उडी टाकिली नाही, आणि तसे करणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे होय असे दाखविले. मोशेच्या नियमशास्त्रात तर नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा, नाही तर पडणाऱ्याचे रक्त त्या घरावर येईल, अशी आज्ञा आहे. कठडा बांधणारा इस्राएली मनुष्य अविश्वासू ठरला नाही. न बांधणारा मात्र दोषी ठरला.

प्रेषितांच्या कृत्यांचा 27 वा अध्याय जाळे टाकणाऱ्या प्रत्येक बंधूने वाचावा. प्रवासाचा हंगाम उलटून गेला होता व पौलाने पुढे जाऊ नका असे सांगितले. परंतु शताधिपतीने तारवाचा मालक व तांडेल यांचेच ऐकिले. पुढे तुफानात, एकाही जिवाचा नाश होणार नाही असे अभिवचन पौलास मिळाले. असे असताही, खलाशी लहान मचवा सोडून पळू लागले तेव्हा, हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही, असे तोच पौल म्हणाला. देवाचे वचन आणि खलाशांचे कौशल्य यांत त्याला विरोध दिसला नाही. देवाने 276 जीव राखिले, आणि ते खलाशांचे हात, दोर व नांगर यांच्या द्वारे राखिले.

मग धोका पत्करणे सर्वदा पाप आहे काय? नाही. सन 1947 च्या जुलै महिन्याच्या 17 तारखेस मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' आगबोट भर पावसाळ्यात बुडाली व सहाशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्या खवळलेल्या पाण्यात रेवसच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्या घातल्या व कित्येकांस ओढून बाहेर काढिले. त्यांनी जीव धोक्यात घातला तो दुसऱ्याचे जीव वाचविण्यासाठी. त्यांस साहसी म्हणावे. परंतु दोन पाट्या मासळीसाठी, किंवा मित्रांपुढे मिरविण्यासाठी, तोच धोका पत्करणाऱ्याने त्यांचे नाव घेऊ नये. तो बुडू लागला तर त्याच्यासाठी असाच कोणी भला मनुष्य उडी घालील, आणि मग दोन घरांत रडणे होईल.

याहून गंभीर गोष्ट दुसऱ्याच्या जिवाची आहे. दाविदास बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी हवेसे वाटले. तिघा वीरांनी शत्रूची फळी फोडून ते आणिले. परंतु त्याने ते प्याले नाही. ते त्यांच्या रक्तासारखे मानून त्याने परमेश्वरापुढे ओतिले. ज्याच्या होडीवर चार खलाशी मजुरीने जातात, त्या मालकाने ही गोष्ट हृदयात ठेवावी. कुलाब्याच्या वेधशाळेचा इशारा आला असता, बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला असता, जो त्यांस बाहेर धाडितो, त्याच्या मासळीचा पैसा कशाचा आहे?

नदीकाठच्या बंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे. सन 2005 च्या जुलै महिन्याच्या 26 तारखेस मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वेळी कुलाब्यास त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता. गिरगावच्या आकाशावरून मिठी नदीचा अंदाज करणारा फसला असता. तसेच दारणा, भंडारदरा किंवा मुळा धरणातून पाणी सोडले म्हणजे खालच्या गावी ऊन असतानाही पात्र भरते. म्हणून भोंगा किंवा दवंडी ऐकताच जाळे सोडून काठ धरावा; जाळे पुन्हा विणता येते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पडणारे पाणी उलटे फिरते व पट्टीच्या पोहणारासही पुनःपुन्हा आत ओढिते. फेकजाळ्याची दोरी मनगटास अशी असावी की झटक्यासरशी सुटेल. एकट्याने रात्री जाऊ नये. दारू पिऊन तर मुळीच उतरू नये. बुडत्यास पाहून उडी घेण्यापूर्वी दोर, बांबू किंवा बूच लावलेला रिकामा डबा त्याच्याकडे टाकावा.

आता उपदेशक बंधूंस दोन शब्द. अपघातानंतर आपण घरी जाऊन, देवाची इच्छा होती, असे म्हणतो. शोक करणाऱ्या मातेपुढे दोषाची चर्चा करू नये हे खरे. तेथे रडणाऱ्यांबरोबर रडावे. परंतु जे आपल्या हयगयीने घडले ते सदैव देवाच्या माथी मारिले, तर मंडळी त्यातून काहीच शिकत नाही, आणि पुढील पावसाळ्यात दुसरे घर उजाड होते. इशारा आला तर उपासनेच्या शेवटी तो वाचून दाखवा. तो ऐकविणे हेही पाळकाचे काम आहे.

आणि येथे मंडळीचीही कसोटी आहे. पुष्कळ जण धाडसाने नव्हे तर कर्जाने पाण्यात ढकलले जातात. व्यापाऱ्याची उचल घेतलेली असते, चूल थंड असते. अशा बंधूस, थांबा, प्रभू पुरवील, असे म्हणून आपण घरी जेवावयास गेलो, तर याकोबाच्या पत्राने ज्या कोरड्या शब्दांचा निषेध केला आहे, तेच शब्द आपले झाले. ज्या मंडळीत घरोघरी मूठभर धान्य बाजूस ठेवण्याची चाल आहे, तिने पुराच्या दिवसांत त्यातील वाटा अशा घरी पोहोचवावा. त्या धान्याने एक मनुष्य आठ दिवस काठावर राहिला, तर त्याचे प्राण राखण्यात त्या मंडळीचाही हात लागला.

सावधगिरी म्हणजे अविश्वास नव्हे. जो देव तुफान शांत करितो, तोच वेधशाळेच्या विद्वानास बुद्धी देतो व म्हाताऱ्या भोयास आठवण देतो. त्याने पाठविलेला इशारा न ऐकता त्याच्याकडे चमत्कार मागू नये. वाट पाहावयास धीर लागतो. तो धीर प्रभू आपणां सर्वांस देवो, आणि पूर ओसरल्यावर प्रत्येक जाळे आपल्या धन्याच्या हाती पुन्हा पाण्यात पडो.