देवावर विसंबणाऱ्याची वही

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालं की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तीन गावं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. इथे ख्रिस्ती उपासना किती भाषांत आणि किती प्रकारे चालते, याची बाहेरच्या माणसाला फारशी कल्पना नसते. रोमन कॅथलिक चर्चं आहेत. 1988 साली स्थापन झालेल्या कल्याणच्या सिरो-मलबार धर्मप्रांताचे मल्याळी भाविक आहेत. नगर जिल्ह्यातून पोटासाठी आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या मंडळ्या आहेत. शिवाय भाड्याच्या गाळ्यात किंवा कुणाच्या तरी बाहेरच्या खोलीत भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्या आहेत, ज्यांच्यावर ना बिशप ना मिशन. या शेवटच्या प्रकारातला पाळक बहुतेकदा बिनपगारी असतो. आपण ‘विश्वासाने सेवा’ करतो असं तो सांगतो. म्हणजे ठरलेलं वेतन नाही, देव पुरवील ते खायचं. या शब्दांमागची निष्ठा पुष्कळदा खरी असते. पण देवावर विसंबणं म्हणजे नेमकं काय सोडणं आणि काय धरून ठेवणं, हा प्रश्न ती निष्ठा आपोआप सोडवत नाही. माझं म्हणणं असं की विसंबणाऱ्याने आपली हमी सोडावी, जबाब सोडू नये. जो सेवक देवाचं नाव सांगून माणसांना हिशेब देणं टाळतो, त्याच्या बोलण्यात कितीही लीनता असली तरी त्याची नम्रता अजून सुरू व्हायची आहे.

याच लोहमार्गाने पुढे घाट चढून, पुणे ओलांडून दौंडकडे जाताना केडगाव लागतं. तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन हा या प्रश्नावरचा आपल्याकडचा सर्वात मोठा पुरावा. रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान, पण तीर्थाटनात घर उधळलेलं. रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवलं आहे की देव प्रसन्न होतील या भरवशावर कुटुंबाने होतं नव्हतं ते दानधर्मात घातलं, आणि दुष्काळात सगळे उपाशी पडले. आई-वडील 1874 साली गेले, भाऊ 1880 मध्ये. दैवी मदतीची वाट पाहत हात बांधून बसणं म्हणजे काय, हे त्यांनी पोटाने अनुभवलं होतं. म्हणून पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्या देवावर पूर्णपणे विसंबण्याची भाषा बोलू लागल्या, तेव्हा त्या भाषेचा अर्थ वडिलांच्या घरातल्यापेक्षा वेगळा होता. 1896-97 च्या दुष्काळात त्या नुसती प्रार्थना करत बसल्या नाहीत. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली-बायका गोळा करून आणल्या. मुक्तीत शेती होती, विहिरी होत्या, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा होता, अंध मुलींसाठी ब्रेल होती. छापखानाही होता, आणि त्यावर मुक्तीच्याच बायका खिळे जुळवत. देव पुरवील या वाक्याचा तिथला अर्थ, पुरवलेलं वाया जाऊ नये म्हणून पहाटेपासून राबणं, असा होता.

पैशाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि तिच्यावरून घाईने पुढे जाऊ नये. 1887 च्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिने दहा वर्षं मदतीची हमी दिली आणि त्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं. ही मुदत 1898 मध्ये संपली. त्या सुमाराला रमाबाईंच्या मनावर जॉर्ज म्यूलर आणि मिशनरी हडसन टेलर यांच्या चरित्रांचा ठसा होता. म्यूलर ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलांना सांभाळत, आणि देवाखेरीज कुणाकडे पैसा मागायचा नाही हे त्यांचं ब्रीद होतं. रमाबाईंनी तोच रस्ता धरला. इथे चिकित्सक वाचक विचारील: देणग्या तर पुढेही अमेरिकेतून आणि इंग्लंडमधून येतच राहिल्या, मग हे देवावर विसंबणं की गोऱ्या दात्यांवर? म्यूलरवरही हाच आक्षेप होता. मागत नाही म्हणायचं आणि वर्षाकाठी आपल्या गरजांचं, आलेल्या देणग्यांचं पुस्तक छापायचं, हे न मागता मागणंच झालं! आक्षेपात तथ्य आहे. मुक्तीतूनही इंग्रजी पत्रिका निघायची, ती परदेशी वाचकांच्या हाती पडायची, आणि पंडिता रमाबाई हे नाव दोन खंडांत गाजलेलं होतं. अनोळखी पाळकाने तीच प्रार्थना केली असती तर तेवढीच मनीऑर्डर आली असती असं कुणी प्रामाणिकपणे म्हणणार नाही.

पण या आक्षेपाचीच दुसरी बाजू पाहा. म्यूलरच्या त्या छापील वृत्तांतात देणाऱ्याचं नाव झाकलेलं असे, रक्कम आणि तारीख उघडी असे. उद्या पैसा येईल की नाही याची खात्री त्याने सोडून दिली होती. काल आलेला पैसा कुठे गेला हे सांगण्याचं ओझं मात्र त्याने स्वतःहून खांद्यावर घेतलं होतं. बोस्टनच्या संस्थेचे वार्षिक अहवालही खजिनदाराच्या हिशेबासह निघत. पुढच्याची हमी नको, मागच्याचा जबाब हवा, असा हा क्रम आहे. आपल्या आजच्या पुष्कळ ‘विश्वासाच्या सेवे’त तो बरोबर उलटा झालेला दिसतो. पुढच्या महिन्याच्या दशांशाची आठवण व्यासपीठावरून दर रविवारी होते, मागच्या वर्षीच्या अर्पणाचं काय झालं हे विचारणारा मात्र अविश्वासू ठरतो.

मराठी वाचकाला इथे तुकोबा आठवतील. देणेकऱ्यांची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली ही कथा आपल्याकडे विरक्तीची परमावधी म्हणून सांगितली जाते, आणि हिशेब ठेवणं हे भक्ताला शोभत नाही असा तिचा अर्थ लावला जातो. परंपरेने जपलेला तपशील मात्र असा आहे की धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा तुकोबांनी आधी वेगळा काढून दिला आणि फक्त आपल्या वाट्याचे कागद पाण्यात सोडले. शिवाय ते कागद लोकांकडून येणं असल्याचे होते. आपल्याला लोकांचं काही देणं आहे, याची खतं त्यांनी बुडवली असं कुणी म्हटलेलं नाही. दुसऱ्यावरचा आपला हक्क सोडता येतो, आपल्यावरचा दुसऱ्याचा हक्क आपल्याला सोडता येत नाही. तो त्यानेच सोडायचा असतो. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. या पुलाचा हा खांब मराठी ख्रिस्ती सेवकाने अवश्य तपासून पाहावा.

बायबलचा आधारही त्याच बाजूला आहे. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेल्या निधीबद्दल बोलतो. मंडळ्यांनी निवडलेली माणसं तो सोबत घेतो, आणि कारणही स्पष्ट देतो: या रकमेवरून कुणी आपल्याला दोष देऊ नये, व्यवहार देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही चोख असावा. हाच पौल करिंथात तंबू शिवून पोट भरत होता. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं सुचवणारा सैतानच होता, आणि येशूने त्याला देवाची परीक्षा पाहणं म्हणून नकार दिला, हेही विसरू नये. विसंबणं आणि देवाला पेचात धरणं यांत अंतर आहे. बारा शिष्यांच्या लहानशा जथ्यातही एक थैली होती, ती एकाकडे सोपवलेली होती, आणि तो तिच्यातले पैसे चोरायचा असं योहानाचं शुभवर्तमान सांगतं. प्रभूच्या इतक्या जवळ बसून जेवणाऱ्याच्या हातून जे घडलं, ते आपल्या मंडळीत घडणार नाही असं मानण्याला कुठला विश्वास म्हणायचं?

आता नम्रतेबद्दल. रमाबाईंचं उदाहरण नम्रतेसाठी घ्यावं का, अशी शंका योग्य आहे. इंग्लंडात त्यांनी 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिनशी धर्ममतांवर वाद सुरू केला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी म्हटलं तेव्हा त्या चिडल्या, आणि आपण मनाचं स्वातंत्र्य कुणाच्या हवाली करणार नाही हे त्यांनी रोखठोक कळवलं. आज्ञाधारकपणा हीच नम्रता असेल तर रमाबाई नापास होतात. पण ज्याच्या हाती अधिकार आहे त्याच्यापुढे वाकण्याला जग फार पूर्वीपासून शिष्टाचार म्हणत आलं आहे, त्याला सुवार्तेची गरज नव्हती. संस्कृत पांडित्यासाठी कलकत्त्याच्या विद्वानांकडून पदव्या मिळवलेली ही बाई केडगावात दुष्काळातून आलेल्या, कोणत्याही जातीच्या मुलींसोबत राहिली आणि त्यांना वाचता येईल अशा साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी हिब्रू-ग्रीक शिकली. बिशपांपुढे ताठ आणि मुलींसाठी खाली, अशी तिची दिशा होती.

दिशेचा हा मुद्दा महाराष्ट्रात सोडून चालणारच नाही. इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतली बहुसंख्य कुटुंबं पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजांतून आलेली आहेत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जबरदस्तीने वाकायला लावलं, त्यांना आता धर्माच्या नावाने पुन्हा नम्र व्हा म्हणून सांगायचं, हा क्रूरपणा नाही का? आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गोड बोलून उत्तर देता येणार नाही. माझं उत्तर इतकंच: शेवटच्या भोजनाच्या रात्री पाय धुतले ते गुरूने. शिष्यांपैकी कुणाला त्याने ते काम लावलं नाही. नम्रता ही ज्याच्या हाती काही आहे त्याच्याकडून मागायची गोष्ट आहे. मंडळीत माइक, थैली आणि शब्द ज्याच्या हाती आहे तो पाळक. रविवारी मागच्या सतरंजीवर बसणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईला नम्रतेचा उपदेश करण्याआधी त्याने तिच्या प्रश्नापुढे नम्र व्हावं.

आणि ही थैली ज्या घरात रिकामी होते त्या घराचं काय? टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले सगळे ख्रिस्तभक्त एका छताखाली यावेत, परदेशी पैशाच्या आधाराविना यावेत, ही त्यांची कल्पना उदात्त होती. दोनच वर्षांत, 9 मे 1919 रोजी, ते गेले. त्यांचं देवावर विसंबणं घरात कसं दिसत होतं हे कळायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचावी लागतात. हातातले पैसे वाटून मोकळे होणारे टिळक आणि चूल कशी पेटवायची या विवंचनेतल्या लक्ष्मीबाई. त्या हे विनोदाने सांगतात, म्हणून आपण हसतो, पण त्या विनोदाखाली एक नेमका आरोप दबलेला आहे. नवऱ्याच्या श्रद्धेचा हप्ता बायकोने भरला. आजही अनेक बिनपगारी पाळकांचं घर बायकोच्या कमाईवर चालतं, आणि साक्ष देताना देवाने कसं पुरवलं हे तो सांगतो. देवाने तिच्या हातून पुरवलं हे खरंच आहे, मग निदान तिचं नाव घ्यावं, तिला न विचारता पगार नाकारू नये. दुसऱ्याच्या वाट्याची भूक आपल्या श्रद्धेत मोजायची सोय धर्माने दिलेली नाही.

कुणी म्हणेल, तीस कुटुंबांच्या मंडळीला हे सगळं कुठून परवडणार? मोठ्या चर्चला बिशप आहे, सनदी लेखापाल आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदणी करून हिशेब तपासून घेणं लहान मंडळीला जड जातं, हे मान्य. शिवाय ख्रिस्ती संस्थांकडे आज संशयाने पाहिलं जातं, कागद जितके जास्त तितका त्रास जास्त, अशीही भीती असते. भीतीला कारण आहे. पण लपवलेल्या वहीने संशय कमी होत नाही, वाढतो. आणि सुरुवात लेखापालापासून करावी लागत नाही. अर्पण दोघांनी मिळून मोजावं, त्यांतला एक पाळकाच्या नात्यातला नसावा, महिन्याचा जमाखर्च उपासनेनंतर वाचून दाखवावा. याला खर्च शून्य आहे. चंगाई सभांचा प्रश्न मात्र वेगळा आणि जास्त जोखमीचा आहे. बरं होण्यासाठी प्रार्थना करणं हा विश्वासाचा भाग आहे. आजाऱ्याला औषध सोडायला लावणं किंवा चमत्काराच्या नावावर पैसे घेणं हे राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी ती नम्रता नव्हेच, कारण तिथे देवाच्या वतीने सेवक आश्वासन देत असतो.

यापेक्षाही अवघड जागा म्हणजे आपल्यानंतर काय. स्वतंत्र मंडळ्यांत जागा, नाव आणि व्यासपीठ बहुधा पाळकाच्या मुलाकडे जातं, आणि त्यालाही देवाची योजना म्हटलं जातं. या बाबतीत रमाबाईंचं उदाहरणही निर्दोष म्हणून दाखवता येत नाही. मुक्तीची धुरा लेक मनोरमाने पुढे न्यावी अशी त्यांची इच्छा होती, तिला त्यासाठी तयारही केलं होतं. मनोरमा 1921 मध्ये आईच्या आधी गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संस्था त्यानंतर सहकाऱ्यांच्या हाती चालली, आणि केडगावात ती आजही चालू आहे. मनोरमा जगली असती तर मुक्तीचं काय झालं असतं, सांगता येत नाही. कदाचित उत्तमच झालं असतं. पण घराबाहेरचे हात काम पेलतील यावर विसंबायची पाळी रमाबाईंवर आली ती लेक गेल्यावर. उल्हासनगर-बदलापूरच्या मंडळ्यांतली पहिली पिढी आता साठीच्या पुढे जात आहे. मंडळीने निवडलेला, आपल्या घरातला नसलेला माणूस व्यासपीठावर उभा राहिलेला आपल्या हयातीत पाहायची तयारी त्यांच्यापैकी कितींची आहे, हे येत्या दहा-पंधरा वर्षांत कळेल.